कावेरीचे डोहाळे

आडि, म्हणजे तमिळ आषाढ, महिन्यातल्या एका दुपारी वेदवती भावजयीची हिरवी साडी मागायला माडीवर गेली, आणि साडीऐवजी भावजयीलाच घेऊन खाली आली. एवढंच निमित्त झालं. नुसती साडी हाती पडली असती तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं, आणि मलाही आज दिव्याची वात पुन्हापुन्हा पुढं सारत बसावं लागलं नसतं.

वेदवती कुंभकोणातल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. चाळिशी उलटलेली बाई, लग्नाच्या वाटेला न गेलेली, जिभेला धार आणि पायाला भिंगरी. घराणं मराठी, मराठा राजांच्या काळात या बाजूला येऊन रुजलेलं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल पडलं की तमिळ. घरात ती, धाकटा भाऊ वरदराज आणि त्याची बायको धनलक्ष्मी. तिला सगळे धनम् म्हणत. धनमला सातवा लागला होता. याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोनदा सगळं वाया गेलं होतं, म्हणून या खेपेला घरातले लोक हसायचे तेही जपून. वेदवतीनं तर डॉक्टरांच्या वरताण नियम घातले होते. जड उचलायचं नाही, जिना भरभर उतरायचा नाही, उगाच रडायचं नाही.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला कावेरीचा एक जुना घाट होता, ओडत्तुरै नावाचा. पूर्वी तिथं नावा लागत. नव्वदच्या सुमाराला तिथं लागायचा तो बाजारातला सडका भाजीपाला आणि उष्टी केळीची पानं. वरच्या अंगाला रेशीम रंगवायच्या शेडी होत्या. त्यांचं पाणी गटारातून सरळ घाटाशी येऊन पडे, कधी लाल, कधी जांभळं, कधी नुसतं काळं. घाटामागच्या वस्तीतल्या पोरांच्या नडग्यांवर बऱ्या न होणाऱ्या जखमा होत्या. तिथल्या हातपंपाचं पाणी तांब्यात ठेवलं की आतून रंगीत कड धरायचं. गावातली बडी मंडळी वरच्या चांगल्या घाटांवर स्नानाला जात, आणि या घाटावरून जायची वेळ आलीच तर नाकाला धोतराचा सोगा लावून जात.

त्या शेडींतली एक वरदराजचीच होती, हेही सांगून टाकलेलं बरं.

"नदी वाहत अस्ते, अक्का," तो म्हणायचा. "रंग कोठें राहतो? गेला समुद्राला."

"वस्तीतल्या पोरांचे पाय बघितलास कां तूं?"

"मी एकटा बंद केल्यानें काय होणार? अस्के बंद करूं देत, मी पहिला." अस्के म्हणजे सगळे. सगळे म्हणजे कोणीच नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वेदवतीनं अर्ज करून पाहिले, नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. मग तिनं ठरवलं की आता भांडण पुरे, आता उत्सव करायचा. मोर्चा म्हटलं की लोक दार लावून घेतात. तिरुविळा, म्हणजे जत्रा, म्हटलं की नवे कपडे घालून येतात. दिवस तिनं निवडला आडिप्पेरुक्कूचा, म्हणजे आडि महिन्यात कावेरीला नवं पाणी चढतं तो सण. या दिवसांत कावेरीला दिवस गेलेले असतात अशी इकडची समजूत. म्हणून बायका चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात घेऊन तिच्या काठी जातात, तिला काळ्या बांगड्या आणि पिवळा दोरा वाहतात. तमिळ बायका त्याला मसक्कै म्हणतात. वेदवतीच्या घरात म्हणत डोहाळे.

"हिचे डोहाळे आपण ओडत्तुरैवर पुरवायचे," तिनं वस्तीतल्या बायकांना सांगितलं. "जिथं तिला घाण पाजतात तिथंच तिची ओटी भरायची. बघू दे गावाला."

बायकांना कल्पना पसंत पडली. शाळेतल्या मुलींनी घाटाची भिंत धुऊन तिच्यावर मासे, कासवं, नावा रंगवल्या. कोणी गटाराच्या तोंडापासून हातपंपापर्यंतचं पाणी बाटल्यांत भरून ओळीनं मांडलं. उन्हात त्या बाटल्या सरबताच्या दुकानासारख्या दिसत. एक छोटंसं नाटक बसलं. गरोदर कावेरी पायरीवर बसते, बायका तिच्याभोवती फिरून विचारतात, "तुला काय हवं, आई?" आणि ती म्हणते, "माझं पाणी मला परत द्या."

नाटकाचा शेवट मात्र वेदवतीला सापडत नव्हता. तो दिला शिवकामी पाटीनं. पाटी म्हणजे आजी. वस्तीतली ही म्हातारी दिवसभर पान चघळत असायची आणि तालमीला यायची ती बहुतेक टिंगल करायला. तिचा नवरा तरुणपणी गावच्या कूत्तात, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या सोंगांच्या खेळात, देवीचं सोंग घ्यायचा.

"बोलावलंस तर पाठवायलाही लागतं," पाटी तमिळमध्ये म्हणाली. "आमच्याकडं खेळ संपला की सगळे मिळून देवीला म्हणायचे, पो. जा. तसं म्हटल्याशिवाय माझ्या नवऱ्याच्या हातचं पाणी मी घेतलं नाही कधी. एकदा विसरले होते मेले. आठवडाभर तो माझ्याकडं बघायचा आणि ओळखायचा नाही."

बायका हसल्या. पाटीही हसली. वेदवतीला तो शब्द एकदम आवडला. शेवटी सगळ्यांनी हात वर करून ओरडायचं, "पो!" नदीला निरोपही होईल आणि घाणीला दमही बसेल. तालमीत तो शब्द असा काही दणाणायचा की झाडावरचे कावळे उडत.

आता त्या साडीचं. नदी होणारी कॉलेजातली मुलगी सणाच्या दिवशीच तापानं आडवी झाली. वेदवतीनं दुसरी एक बाई उभी करायची ठरवली, पोटाला उशी बांधून, आणि हिरवी साडी मागायला ती माडीवर गेली.

"उशी कशाला बांधतांत, अक्का?" धनम् म्हणाली. "माझें खरेंच अहे की." आणि कितीतरी महिन्यांनी ती मोकळेपणानं हसली. ते हसू पाहून वेदवतीचे सगळे नियम विरघळले. चार वाक्यं तर म्हणायची, बसूनच तर राहायचं. धनमनं तालमी पाहिल्या होत्या, तिला सगळं पाठ होतं.

वरदराज दारात आडवा आला. "भरल्या पोटानें सांजच्या वेळीं नदीशीं जाऊं नये म्हणतात, अक्का."

"तुझे रंग नदीशीं जातात, तेव्हां काय म्हणतात?" वेदवतीनं विचारलं. तो दारातून बाजूला झाला. त्याला गप्प करता आलं याचं तिला त्या वेळी फार बरं वाटलं.

घाटावर माणूस मावत नव्हतं. नगरपालिकेचा एक साहेब आला, फीत कापली, बाटल्यांकडं नजर टाकली आणि रुमालात तोंड खुपसून निघून गेला. ऊन उतरलं. नाच्चियारकोविलहून आणलेला उंच पितळी दिवा लागला. पऱैवाले आपल्या डफांचं चामडं शेकून हलक्या हातानं वाजवू लागले. धनम् हिरव्या साडीत खालच्या पायरीवर बसली; ओटीत नारळ, हळकुंडं, काळ्या बांगड्या. धरणाचं पाणी त्या वर्षी उशिरा सुटलं होतं, नदी वाळूतून चोरट्यासारखी वाहत होती. तिच्या पायांपासून पाणी चांगलं दूर होतं.

बायका टोपल्या घेऊन तिच्याभोवती फिरल्या. "उनक्कु एन्न वेणुम्, ताये? तुला काय हवं, आई?"

धनम् बोलली नाही. बायकांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, आणि पऱै कोणी न सांगताच थांबली. सडक्या पानांचा आणि रंगाचा तो नेहमीचा वास होता, त्याच्या खालून दुसरा एक वास वर आला. गढूळ पाण्याचा, ओल्या चिकणमातीचा. पूर येण्याआधी येतो तो.

धनमनं मान वर केली. "तहान लागली गे," ती म्हणाली.

मराठीत. चारशे तमिळ माणसांसमोर, उंबऱ्याच्या आतल्या भाषेत. वेदवती आधी चिडलीच. एवढ्या तालमी तमिळमध्ये झाल्या, आणि ही ऐन वेळी घरचं काय बोलते! मग तिच्या लक्षात आलं की धनम् "गे" म्हणाली. त्यांच्या घरात "गं" म्हणत. "गे" म्हणायची ती त्यांची पणजी, आणि ती जाऊन कैक वर्षं झाली होती. धनमनं तिला पाहिलंही नव्हतं.

लोकांना वाटलं नाटकातच आहे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ओटी भरून झाली, धनम् उठून उभी राहिली, एक हात पोटावर ठेवून. आता सगळ्यांनी ओरडायचं होतं, पो. जा.

आणि एकीच्याही तोंडून तो शब्द निघेना. कसा निघणार? तालमीतली मुलगी वेगळी. तिच्या पोटाला उशी होती. इथं खरी भरल्या पोटाची सुवासीण उभी होती, ओटीत नारळ घेऊन. इकडं दारातून निघणाऱ्याला कोणी "जा" म्हणत नाही. निघणाराही "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. मराठी घर असो की तमिळ, "जा" म्हणायचं ते अंगणातल्या कुत्र्याला. हात वर झाले आणि तसेच राहिले. मग एकीनं हळूच म्हटलं, "पोयिट्टु वा." मग सगळ्याच मायेनं म्हणू लागल्या, पोयिट्टु वा, पोयिट्टु वा, आणि वेदवतीच्याही तोंडून सवयीनं गेलं, "जाऊन ये गं."

पऱै घुमली, पोरं नाचली. शिवकामी पाटीनं तोंडातलं पान थुंकलं आणि वेदवतीचा दंड धरला. आज तिच्या चेहऱ्यावर टिंगल नव्हती.

"कुठं यायला सांगितलंस तिला?" पाटीनं विचारलं.

वेदवतीनं हसून हात सोडवून घेतला. गर्दी होती, सतरा माणसं तिला बोलावत होती.

घरी परतल्यावर धनम् उंबऱ्याबाहेर थांबली. आपल्याच घराच्या दारात, परक्या बाईसारखी, कोणी बोलावण्याची वाट पाहत. "ये की आंत," वेदवती म्हणाली. तेव्हा ती आत आली. तिनं ओसरीवरून, भिंतींवरून, वळचणीवरून नजर फिरवली.

"किती कोरडें घर गे तुमचें," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घराला चैन नाही. दोरीवरचे कपडे वाळेनात. बरणीतल्या मिठाचं पाणी झालं. परसातल्या विहिरीचं पाणी आडि महिना सुरू झाल्यापासून तळाला होतं, ते एका सकाळी हाताला लागेल इतकं वर आलेलं दिसलं, आणि वरदराजनं आनंदानं सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. वेदवतीला त्या पाण्यात वाकून बघवेना. शाळेत ती फळ्यावर रेघ ओढायची आणि रेघ अर्ध्यावर सोडून खिडकीकडं जायची. घरी यायची ती धावत, आणि दाराशी आल्यावर आत जायला पाय उचलायचा नाही.

धनम् खिडकीत बसून असायची. तिला तुळशीतली ओली माती खाताना पाहिलं तेव्हा वरदराज हसला. "डोहाळे! अम्मालाही माझ्या वेळीं मातीच लागायची." खरंच होतं ते. पोटुशी बाई काय मागेल त्याला नाही म्हणू नये, हेही खरं होतं. वेदवतीनं स्वतःला समजावलं.

मग एका भर दुपारी वेदवती तिला शोधत वरदराजच्या शेडीत गेली. कामगार जेवायला गेले होते. चुलाण्यावरच्या मोठ्या पातेल्यांतून वाफ निघत होती, वर रेशमाच्या लडी ठिबकत होत्या, आणि खाली, सांडपाण्याच्या हौदाशी, धनम् उकिडवी बसली होती. हातात घरचा पितळी तांब्या. ती पीत होती, लहान मूल पितं तशी, श्वास न घेता. हनुवटीपर्यंत सगळं जांभळं झालं होतं.

"धनम्! काय करत्येस... टाक तें!"

तिनं तांब्या खाली घेतला. चेहरा शांत होता.

"माझेंच अहे तें," ती म्हणाली. "इतकीं वर्षें तुम्हींच मज पाजतांत. आतां कां अडवतां?"

वेदवतीनं तिला ओढत घरी आणलं, घशात बोटं घातली, ताक पाजलं, मीठपाणी पाजलं. काहीच उलटून पडलं नाही. संध्याकाळी वरदराजला सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ आपल्या रंगलेल्या नखांकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं शेड बंद ठेवली. बाकीच्या चालूच होत्या.

त्याच्या दुसऱ्या पहाटे धनमनं वेदवतीला हलवून उठवलं. डोळे तिचे स्वतःचे होते, घाबरलेले, आणि बोलणंही तिचं, निम्मं तमिळ. "अक्का... बाळ हालत नाहीं. कालपासून हालत नाहीं. तूक्कम् येत नाहीं मला, झोंपच नाहीं... आणि अक्का, मी बोलत्यें तें मी बोलत नाहीं."

वेदवतीनं तिच्या पोटावर हात ठेवला. पोट गार होतं. रांजणाला बाहेरून हात लावावा तसं गार. आत काहीच हाललं नाही. दोन वेळा याच खोलीत तिनं या मुलीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिसऱ्यांदा घ्यायची तिच्यात ताकद नव्हती. तिला रडू कोसळलं. नियम तिचेच होते, तरी कोसळलं. रडता रडता तिला शिवकामी पाटीचा प्रश्न आठवला आणि रडू जागच्या जागी थांबलं. जाऊन ये म्हटलं होतं. ती आली होती. चूक इतकी साधी होती, आणि इतक्या मायेनं झाली होती.

आता "जा" म्हणायचं होतं. पण कोणाला? समोर तर धनमच होती. सातव्या महिन्यातल्या बाईच्या तोंडावर "जा" म्हणायचं आणि तो शब्द नेमका कोण ऐकतं याची वाट बघायची! नदी ऐकेल, की धनम् ऐकेल, की पोटातलं ते न हालणारं ऐकेल? दिवसभर वेदवती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. दुपारी धनम् पुन्हा खिडकीत बसली, पुन्हा ते शांत डोळे घेऊन. तेव्हा मात्र थांबण्यात अर्थ नव्हता.

दिवेलागणीला तिनं धनमचा हात धरला आणि दोघी ओडत्तुरैवर आल्या. वरदराज गल्लीच्या तोंडापर्यंत आला. त्याच्यानं पुढं येववेना, आणि वेदवतीनंही त्याला हाक मारली नाही.

घाट ओस पडला होता. भिंतीवरचे मासे ताजे दिसत होते, त्यांच्या पायथ्याशी बाजारानं पुन्हा पानं आणून टाकली होती. नदीला पाणी चढलं होतं, धनम् त्या दिवशी बसली होती त्या पायरीला लागलं होतं. वाहताना त्याचा आवाज होत नव्हता. लांब कुठल्यातरी देवळात घंटा वाजली आणि वाजायची थांबली. धनम् आपणहून खाली उतरून त्याच पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडून.

वेदवतीनं तोंड उघडलं. शब्द येईना. आयुष्यात तिनं तो कुणाला म्हटला नव्हता. दारावरच्या भिकाऱ्यालाही त्यांच्या घरात "पुन्हां ये" म्हणत.

"जा," ती शेवटी म्हणाली. "आतां जा तूं."

पाणी थांबलं. मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, पण वेदवतीनं पुढं कित्येकदा हेच सांगितलं, की वाहतं पाणी थांबलं, त्यातलं केळीचं पान जिथल्या तिथं राहिलं.

धनमनं मागं वळून पाहिलं. "कोण जाऊं?" तिनं विचारलं. "मी... कीं ही... कीं हिच्या पोटींचें?"

"तूं! पाणी जाऊं दे." वेदवतीनं तिचा खांदा घट्ट धरला. "धनम् राहूं दे. लेंकरूं राहूं दे."

"राहील." मग, फार प्रेमानं, "लेंकराला तहान लागली तर?"

"मी... आम्ही देऊं पाणी."

"कोठलें?"

कावेरीच्या काठी जन्मलेल्या बाईला याचं उत्तर शोधावं लागत नाही. इथं जन्माला आलेल्याच्या तोंडात पहिला थेंब तिचा, मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचा तिचा. वेदवतीनं विचार केला नाही. हात जोडले आणि म्हणाली, "तुझेंच, आई. दुसरें कोठलें?"

"बरें," धनम् म्हणाली.

केळीचं पान हाललं आणि वाहत निघालं. पायऱ्यांवरून पाणी उतरत गेलं, ओल्या दगडावर त्याची जांभळट कड मागं राहिली. धनम् एकदम कण्हली, दोन्ही हातांनी पोट धरलं.

"अक्का," धनम् रडत हसत म्हणाली, "लाथ मारली! केवढी लाथ मारली हो!"

त्या संध्याकाळी घरात काय झालं ते काय सांगू! वरदराज लहान मुलासारखा रडला. धनमनं लोणच्याबरोबर दहीभात मागून घेतला आणि दोनदा वाढून घेतला. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, आणि त्याचंच तिघांना हसू येत होतं. वेदवती कितीतरी दिवसांनी भिंतीला पाठ टेकून स्वस्थ बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मनाची खात्री असावी म्हणून, ती धनमला डॉक्टर त्रिपुरसुंदरींकडं घेऊन गेली. डॉक्टर जुन्या वळणाच्या होत्या. बाळाचे ठोके ऐकायला त्या एक लाकडी नळी वापरत. तिचं रुंद तोंड पोटावर ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. त्यांनी बराच वेळ ऐकलं, आणि धनमच्या गालाला चिमटा काढला.

"घोडा पळतोय आत," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "उत्तम आहे सगळं." मग नळी जरा डावीकडं सरकवून त्यांनी पुन्हा कान लावला. कपाळाला आठी पडली. पुन्हा ऐकलं. "हे काय... हे तुझ्या पोटातलंच असेल गं. या ना वेदवती, तुम्हीही ऐका बाळाचे ठोके."

वेदवती वाकली. लाकूड गार होतं. आधी तिला ठोके ऐकू आले, भरभर, जोमदार, आणि आनंदानं तिचे डोळे भरले. मग ठोक्यांच्या मागून तो दुसरा आवाज आला. आत कोणीतरी पाणी पीत होतं. घोटामागून घोट, श्वास न घेता, जसं लहान मूल पितं तसं.

तिनं कान काढला नाही. काढला असता तर धनमला तिचा चेहरा दिसला असता.

"काय ऐकूं येतें, अक्का?"

"अस्कें बरें अहे," वेदवती म्हणाली. "तूं जरा... तूं पाणी पी पाहूं. सकाळीं निघतांना पुष्कळ प्यालीस कां?"

"छे," धनम् हसून म्हणाली. "तेंच सांगणार होत्यें डॉक्टरांना. काल नदीवरून आल्यापासून मला तहानच लागत नाहीं, अक्का. एक थेंब नाहीं घेतला."

वेदवतीच्या कानाला लागलेल्या नळीत ते पिणं चालूच होतं.